चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सायकल नेता येते का? कुठे, कधी आणि कोणत्या नियमांनी?

दोन्ही बाजूंना साग, मधून जाणारा लालसर मुरमाचा रस्ता, एकही गाडी नाही आणि एकटा सायकलस्वार. असं रील दिसलं की खाली कमेंट ठरलेली असते : "लोकेशन सांगा ना!"

विदर्भात अशा रस्त्यांची कमी नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातले सर्वात घनदाट जंगलांचे जिल्हे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांची नजर इकडे वळणारच. पण लोकेशन विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हा रस्ता इतका शांत का आहे?

ग्रॅव्हल बाइक म्हणजे नक्की काय?

दिसायला ती रेसिंग सायकलसारखी असते. हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर जाड. रेसिंग सायकलचा टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो, तर ग्रॅव्हल बाइकचा ३५ ते ५० मिलिमीटर. टायरमध्ये हवा कमी ठेवतात, त्यामुळे खडे आणि खाचखळग्यांचे धक्के कमी बसतात. डिस्क ब्रेक असतात आणि चढासाठी हलके गिअर. डांबरी रस्त्यावर ती बऱ्यापैकी वेगात पळते आणि मुरूम, गिट्टी, कच्ची वाट यांवरही चालते.

हा प्रकार अमेरिकेत रुजला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाजवळ २००६ पासून कच्च्या रस्त्यांवरची मोठी शर्यत होते. आज ती 'अनबाउंड ग्रॅव्हल' या नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथले रस्ते बहुतेक शेतांमधून जातात. आपल्याकडचे जंगलातून जातात, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

जंगलात हे रस्ते आले कुठून?

ते सायकलसाठी किंवा पर्यटकांसाठी केलेले नाहीत. आलापल्लीच्या जंगलातला साग प्रसिद्ध आहे आणि बल्लारपूरचा लाकूड डेपोही. तोडीसाठी जंगलाचे 'कूप' पाडले जात आणि तिथपर्यंत लाकूड वाहणाऱ्या गाड्या जाव्यात म्हणून कच्चे रस्ते केले जात. वणवा पसरू नये म्हणून झाडोरा काढून मोकळे ठेवलेले पट्टे म्हणजे 'जाळरेषा'. त्याही लांबून रस्त्यासारख्याच दिसतात. काही वाटा वनरक्षकांच्या गस्तीच्या असतात. काही गावाला शेताशी जोडणारे पांदण रस्ते असतात.

गुगल मॅपवर या सगळ्या एकसारख्या बारीक रेषा दिसतात. त्यातली कोणती सार्वजनिक आणि कोणती बंद, हे नकाशा सांगत नाही.

नियम काय सांगतात?

ढोबळमानाने चार प्रकारची जमीन लक्षात ठेवा.

१. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजे कोअर : सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. इथे ठरलेल्या गेटमधून, परवानगी घेऊन, गाईडसोबत सफारीच्या वाहनातूनच फिरता येतं. गाडीतून खाली उतरायलाही मनाई असते, त्यामुळे सायकलचा प्रश्नच येत नाही.

२. बफर : गाभ्याभोवतीचं सुमारे ११०० चौरस किलोमीटर क्षेत्र. यात गावं आहेत, शेती आहे आणि वाघही आहेत. गावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते वापरता येतात, पण त्यांना फुटणाऱ्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही.

३. अभयारण्यं : चपराळा, भामरागड आणि प्राणहिता ही त्यातली काही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीविना प्रवेश करता येत नाही. मात्र त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गाने प्रवास करणाऱ्याला सूट आहे. महामार्ग सोडून आतल्या वाटेला लागलात की ही सूट संपते.

४. राखीव जंगल : वन्यजीव क्षेत्राबाहेरच्या राखीव जंगलातही भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार विनापरवाना घुसणं गुन्हा ठरू शकतं. गडचिरोलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथल्या अनेक ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत. मेंढा (लेखा) गावाला ते २००९ मध्ये मिळाले. अशा जंगलात जाण्याआधी गावाला विचारणं हा शिष्टाचार आहे आणि शहाणपणही.

सायकलचाच धोका जास्त का?

कारण सायकलला आवाज नसतो, पण वेग असतो. पायी चालणाऱ्याची चाहूल प्राण्याला लागते आणि तो बाजूला होतो. जीपचा आवाज लांबून येतो. सायकल मात्र वळणावर अचानक समोर उभी ठाकते.

हिशोब सोपा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. वळणावर पुढचं वीस मीटरच दिसत असेल, तर तुमच्या हातात चार सेकंदांपेक्षा कमी वेळ असतो. सुट्या मुरमावर जोरात ब्रेक दाबला तर चाक घसरतं. शिवाय खड्डे चुकवताना नजर रस्त्यावर खिळलेली असते, दोन्ही बाजूंच्या झाडीवर नाही.

अमेरिकेत २०१६ मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ नेमकं हेच घडलं. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात असलेला एक सायकलस्वार अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केलं. तो स्वतः वनखात्याचा अनुभवी कर्मचारी होता. आपल्याकडचं अस्वलही दचकलं की पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, हे जंगलालगतच्या गावांना चांगलं माहीत आहे.

इथे काय घडलं आहे?

राज्यात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. त्यातले सर्वाधिक चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. सगळे काही ताडोब्याच्या आत राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागासारख्या भागात शेतं, गावं आणि वाघ एकाच ठिकाणी नांदतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात, काम संपवून रात्री सायकलने घरी निघालेला एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला. ही जागा जंगलाच्या आत नव्हती, शहराला लागून होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडसा भागात 'सीटी-१' हा वाघ पकडला गेला. त्याच्या हल्ल्यांत तीन जिल्ह्यांमध्ये १३ माणसं गेली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या गाभ्यात पायी सर्वेक्षण करताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीने मारलं. रोज जंगलात वावरणाऱ्या प्रशिक्षित माणसांवर ही वेळ येते.

२०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळपही आहे.

मग जायचंच असेल तर?

सार्वजनिक रस्ता निवडा आणि त्यावरच राहा. आलापल्ली ते भामरागड हा हेमलकशावरून जाणारा साठेक किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. याउलट सुरजागडच्या लोहखनिजाचे आणि चंद्रपूरच्या कोळशाचे ट्रक ज्या रस्त्यांवर धावतात, तिथे वाघापेक्षा ट्रकची भीती जास्त. स्थानिकांना विचारूनच रस्ता ठरवा.

- निघण्याआधी त्या भागातल्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला विचारा. नुकताच वाघ दिसला असेल तर त्यांना माहीत असतं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. गडचिरोलीच्या आतल्या भागात माओवादी हिंसाचाराचा इतिहास आहे, तिथे पोलिसांकडेही चौकशी करा.
- ऊन चांगलं वर आल्यावर निघा आणि सूर्यास्ताच्या बरंच आधी मुक्कामी पोहोचा. पहाट आणि संध्याकाळ रीलसाठी छान, पण वाघ-बिबट्याच्या हालचालीची वेळही तीच.
- एकट्याने जाऊ नका. तिघे-चौघे जवळजवळ राहा आणि बोलत चला. हेडफोन नकोत. आंधळ्या वळणाआधी वेग कमी करा आणि घंटी वाजवा.
- प्राणी दिसला तर थांबा. पाठ फिरवून पळू नका, पॅडलही मारू नका. सायकल मध्ये धरून, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. हत्ती असतील तर लांबूनच परत फिरा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गडचिरोलीत मलेरिया असतो, मुक्कामाला मच्छरदाणी हवीच.
- वाघ दिसलेल्या जागेचं लोकेशन टाकू नका. उद्या तिथे गर्दी होते आणि त्याचा त्रास वाघाला होतो, गावालाही होतो.

हा रस्ता कोणाचा?

तुमच्या आधी या रस्त्यावर सायकली आहेतच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता वेचायला माणसं याच वाटांनी जातात. शाळेत जाणाऱ्या मुलीही सायकलनेच जातात. त्यांच्याकडे जाड टायर नसतात आणि 'आज नको' म्हणायची सोयही नसते.

म्हणून वाटेत एखादा गावकरी हात करून म्हणाला, "भाऊ, इकडून नका जाऊ, काल वाघ दिसला," तर सायकल वळवा. रूट पुन्हा कधीही पूर्ण करता येईल. आणि तुम्ही पुढे गेलात, तर तुम्हाला शोधायला त्याच गावातल्या माणसांना जंगलात शिरावं लागेल.