सिरॉसिसमध्ये रक्तदाबाची गोळी : कधी तारक, कधी मारक

रक्तदाबाची रोजची गोळी अनेकांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिचा पुन्हा विचार करावा असे कोणास वाटत नाही. मात्र यकृताचा सिरॉसिस होऊन पोटात पाणी साठू लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत हीच गोळी मूत्रपिंडांवर संकट ओढवू शकते. लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन या 'सार्टन' गटातील औषधांविषयी हा इशारा विशेषत्वाने दिला जातो.

संप्रेरक आणि त्याचे ग्राही

यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनापासून, मूत्रपिंडातील रेनिन व मुख्यतः फुफ्फुसांतील एका विकराच्या साहाय्याने 'अँजिओटेन्सिन-२' हे संप्रेरक बनते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील विशिष्ट ग्राहींशी त्याचा संयोग झाला की वाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. सार्टन औषधे हे ग्राही अडवून धरतात. त्यामुळे वाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. एरवी हा परिणाम हितकारकच ठरतो. मधुमेहाने बाधित झालेल्या मूत्रपिंडांचे तर ही औषधे रक्षणच करतात.

सिरॉसिसमध्ये काय बदलते?

दीर्घकाळचे मद्यपान, हिपॅटायटिस बी वा सी, तसेच लठ्ठपणा व मधुमेहासोबत यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृतात चट्टे पडत जातात व ते कठीण होते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढतो. यकृताच्या दोन बाजूंच्या शिरांतील दाबांचा फरक निरोगी माणसात १ ते ५ मिलिमीटर असतो. तो १० वर गेला की जलोदर, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा अशा गुंतागुंती संभवतात.

याच काळात नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे आतड्यांभोवतीच्या धमन्या रुंदावतात. रक्त तेथेच रेंगाळते आणि उर्वरित शरीराचा रक्तदाब उतरू लागतो. तो सावरण्यासाठी शरीर अँजिओटेन्सिन मोठ्या प्रमाणात निर्माण करते. मूत्रपिंडांतील गाळणीवरचा दाब टिकवून धरण्याचे कामही हेच संप्रेरक करते. अशा अवस्थेत त्याचे ग्राही अडवले, तर रक्तदाब आणखी घसरतो, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उद्भवतो.

आशा आणि वास्तव

यकृतात चट्टे निर्माण करणाऱ्या पेशींवरही अँजिओटेन्सिनचे ग्राही असतात. त्यामुळे हे ग्राही अडवून सिरॉसिसच आटोक्यात आणता येईल, अशी आशा होती. १९९९ मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात लोसार्टनच्या अल्प मात्रेने पोर्टल दाब चाळीस टक्क्यांहून अधिक उतरल्याचे जाहीर झाले. पण २००१ मध्ये बार्सिलोना येथे लोसार्टनची प्रोप्रॅनोलॉलशी तुलना झाली, तेव्हा लोसार्टनने पोर्टल दाबात लक्षणीय घट दिसली नाही. सर्वसाधारण रक्तदाब मात्र उतरला आणि यकृत अधिक बिघडलेल्या रुग्णांत मूत्रपिंडांचे कार्य मंदावले. म्हणूनच युरोपीय यकृत संघटनेने २०१८ मध्ये आणि अमेरिकी संघटनेने २०२१ मध्ये जलोदर असलेल्या रुग्णांत ही औषधे टाळण्याची सूचना केली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जवळच्या गटासही तीच सूचना लागू आहे.

याचा अर्थ प्रत्येक ग्राही-रोधक वाईट, असा मात्र नव्हे. ॲड्रेनॅलिनचे ग्राही अडवणारी प्रोप्रॅनोलॉल व कार्व्हेडिलॉल ही औषधे फुगलेल्या शिरांतील रक्तस्राव टाळण्यासाठी दिली जातात. अल्डोस्टेरॉनचे ग्राही अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हा जलोदराच्या उपचाराचा पाया आहे. परंतु त्याच्या जोडीला सार्टन गोळी चालू राहिली, तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

गावाकडच्या गोळ्या

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या तालुक्यात आहे, त्या जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या भागातील रुग्णाला यकृताच्या तज्ज्ञ तपासणीसाठी जालना वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. रक्तदाबाची गोळी मात्र जवळच्या दवाखान्यात वा दुकानात मिळते. एका डॉक्टरने लिहिलेली गोळी दुसऱ्याला ठाऊक नसणे, हाच खरा धोका. मुले पुण्या-मुंबईत असतील, तर जुन्या चिठ्ठ्या तपासण्याची जबाबदारी त्यांनी घ्यावी.

सिरॉसिस बळावला की रक्तदाब आपोआप उतरतो. पूर्वी आवश्यक असलेली गोळी तेव्हा अनावश्यक ठरू शकते. शिवाय टेल्मिसार्टन जवळपास संपूर्णपणे पित्तावाटे बाहेर पडते, त्यामुळे दुबळ्या यकृतात ते साठून राहते.

काय करावे?

- सर्व गोळ्यांची वेष्टने तज्ज्ञांकडे सोबत न्यावीत.
- पोट फुगणे, उभे राहताच चक्कर, लघवी घटणे, गुंगी वा असंबद्ध बोलणे दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.
- क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियमची तपासणी वेळच्या वेळी करावी.
- डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके टाळावीत. त्यांनीही मूत्रपिंडांना इजा होते.
- कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. जलोदर नसलेल्या, स्थिर रुग्णाला सार्टन औषध देखरेखीखाली चालू ठेवता येते.

औषध तेच असते. शरीराची अवस्था बदललेली असते. म्हणून सिरॉसिसचे निदान होताच जुन्या चिठ्ठीचा फेरविचार करणे, हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.