थोरियम : अणुभट्टीचे इंधन

पूर्वी लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या असत. त्यांच्या पांढऱ्या जाळीत थोरियमचे ऑक्साईड असे. केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज मिळते, त्यात हे थोरियम असते. युरेनियम मात्र आपल्याकडे तुलनेने कमी आहे. मग थोरियमवर वीज का करत नाहीत, असे अनेकजण विचारतात.

याचे कारण, थोरियम स्वतःहून 'पेटत' नाही. अणुभट्टीत थोरियम-२३२ ने एक न्यूट्रॉन शोषला की त्याचे थोरियम-२३३ होते. त्यापासून प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि काही आठवड्यांत युरेनियम-२३३ तयार होते. खरे इंधन हे शेवटचे. सुरुवातीचे न्यूट्रॉन मात्र युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियमकडून घ्यावे लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता मोठी आहे, पण धंदा सुरू करायला भांडवल बाहेरून आणावे लागते.

हे भांडवल उभे करण्यासाठी डॉ. होमी भाभा यांनी १९५४ मध्ये तीन टप्पे मांडले :

१. नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणाऱ्या भट्ट्या. यांतून वीज मिळते आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढता येते.

२. प्लुटोनियमवर चालणाऱ्या द्रुत प्रजनक भट्ट्या. या जितके इंधन खर्च करतात त्याहून जास्त तयार करतात. कल्पाक्कम येथील ५०० मेगावॅटची भट्टी या टप्प्यातली आहे.

३. थोरियम व युरेनियम-२३३ वर चालणाऱ्या भट्ट्या.

तिसऱ्या टप्प्याची छोटी तयारी झालेली आहे. मुंबईत ट्रॉम्बे येथे १९८४ मध्ये 'पूर्णिमा-२' आणि कल्पाक्कमला १९९६ मध्ये ३० किलोवॅटची 'कामिनी' या प्रायोगिक भट्ट्या युरेनियम-२३३ वर सुरू झाल्या. अमेरिकेत शिपिंगपोर्टच्या वीज केंद्रात १९७७ ते १९८२ या काळात थोरियम व युरेनियम-२३३ चे इंधन वापरले गेले.

एक अडचण उरतेच. युरेनियम-२३३ सोबत थोडे युरेनियम-२३२ तयार होते. त्याच्यापासून पुढे बनणारी द्रव्ये तीव्र गॅमा किरण सोडतात. त्यामुळे हे इंधन जाड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्रांनीच हाताळावे लागते आणि खर्च वाढतो.

म्हणून 'वाळूतून शेकडो वर्षे वीज' असा निरोप मोबाइलवर आला, तर एवढेच पाहावे : पहिले न्यूट्रॉन कुठून येणार? वाळू पुष्कळ आहे. दुसऱ्या टप्प्यात पुरेसे इंधन साठल्याशिवाय तिचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होणार नाही.