रखमाबाई आणि शाळेतून काढलेली मुलगी

सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात १८९५ साली ज्या मराठी डॉक्टरीणबाई रुजू झाल्या, त्यांचे नाव त्यापूर्वीच मुंबईच्या हायकोर्टापासून विलायतेच्या वृत्तपत्रांपर्यंत गाजलेले होते. त्या रखमाबाई. शाळकरी मुलामुलींचे परस्परांशी वर्तन, त्यांची सुरक्षितता आणि त्याबाबत शाळेचे कर्तव्य, या आजच्या चर्चेची पाळेमुळे शोधू लागले म्हणजे या बाईंच्या चरित्रापाशी थांबावे लागते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे दादाजी भिकाजींशी लग्न झाले आणि शाळा सुटली. मुलीच्या रक्षणाचा त्या काळी एकच उपाय ठाऊक होता: ती वयात येण्याआधी तिला शाळेतून काढून सासरच्या स्वाधीन करणे. वस्तुतः शाळेत ती चार जणांच्या नजरेसमोर असे. सासरच्या दाराआड तिचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार कोणासच नव्हता. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय ठरविले होते अवघे दहा!

सुदैवाने सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी रखमाबाईंना आसरा होता. तेथेच पुस्तके मिळवून त्यांनी अभ्यास चालविला. १८८४ साली दादाजींनी फिर्याद केली. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी ती फेटाळली, पण निकाल पुढे फिरला. १८८७ साली न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचा किंवा सहा महिने तुरुंगात बसण्याचा हुकूम दिला, तेव्हा बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. दरम्यान टाइम्स ऑफ इंडियामध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने लिहिताना त्यांनी बालविवाहाने हिरावून घेतलेल्या शिक्षणाविषयी जी तळमळ व्यक्त केली, ती कोर्टाच्या कागदांत शोधून सापडणार नाही.

पुढे कलकत्त्याच्या फुलमणी दासी या कोवळ्या मुलीच्या मृत्यूचा खटला १८९० साली गाजला आणि १८९१ मध्ये संमतीचे वय बारा झाले. लंडनहून वैद्यकी शिकून आलेल्या रखमाबाईंनी सुरतेत वीसहून अधिक वर्षे सेवा केली. बाळंतपणासाठी इस्पितळात यावयास बायका धजेनात, तेव्हा त्यांनी म्हणे एका गाभण शेळीची तेथे सुखरूप सुटका करून दाखविली! त्याच सुरतेत १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी ‘वनिता विश्राम’ काढून बायकांसाठी शिक्षणाचे दार उघडले.

आज संमतीचे वय अठरा आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने मुलगा आणि मुलगी या दोघांनाही संरक्षण दिले. अत्याचार कळूनही पोलिसांना न कळविणे हा गुन्हा ठरला आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपले, तर त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या अब्रूपायी प्रकरण मिटविण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, हे उत्तम झाले. मात्र सोळा-सतरा वर्षांच्या दोघांची परस्परांवरील ओढही याच कायद्याच्या कक्षेत येते आणि मुलगा आरोपी होतो, ही गोष्ट किती विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगितलेली असते?

आणि दप्तरात चिठ्ठी सापडली की काय होते? मुलास दटावणी, मुलीच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला, आणि घरी स्थळांची चौकशी. रखमाबाईंच्या अकराव्या वर्षी जे झाले, तेच पाच-सहा वर्षांनी लांबलेले! तक्रार करणाऱ्या मुलीचीच शाळा सुटणार असेल, तर दुसरी मुलगी तोंड कशास उघडील?

कुमारवयीनांच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम २००७ साली महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत विरोधापायी अडला. पाच वर्षांनी आलेल्या कायद्याने अत्याचार कळविण्याची जबाबदारी शिक्षकांवरही टाकली. मुलांना स्वतःच्या सुरक्षिततेविषयी वयाला साजेसे पाठ द्यावेत आणि शाळेतील नोकरवर्गाची पोलीस-पडताळणी व्हावी, हे नियमांत लिहिले गेले ते २०२० साली.