नानावटी खटल्यामुळेच भारतातली ज्युरी पद्धत बंद झाली का?

मुंबईत २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली.

ज्युरी वर्तमानपत्रं वाचून भुलली, असं आजही सर्रास म्हटलं जातं. पण १९६१ मध्ये शिक्षा कायम ठेवताना सुप्रीम कोर्टाने सत्र न्यायाधीशांच्या गंभीर चुकाही दाखवल्या. गोळी अपघाताने सुटली हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची असते, हे त्यांनी ज्युरीला सांगितलंच नव्हतं.

शिवाय ज्युरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, गोळीबाराच्या आधी केली होती. फौजदारी खटल्यांतून ती पूर्णपणे गेली १९७३ च्या संहितेने.