तृणधान्यांतील परोपजीवी तण आणि द्विदल सापळा पिके : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ज्वारीच्या शेतात टारफुला जमिनीवर दिसू लागतो तेव्हा पिकाचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. स्ट्रायगा या प्रजातीतील हे परोपजीवी तण ज्वारी, बाजरी, मका, ऊस अशा पिकांच्या मुळांना जमिनीखालीच चिकटते व त्यांतील पाणी आणि अन्नद्रव्ये शोषून घेते. त्याचे इंग्रजी नाव ‘विचवीड’, म्हणजे चेटकिणीचे तण, असे आहे. पश्चिम केनियातील लुओ भाषक त्याला ‘कायोंगो’ म्हणतात. एका झाडापासून धुळीच्या कणांएवढ्या हजारो बिया पडतात आणि त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. त्यामुळे खुरपणी या तणापुढे निष्प्रभ ठरते.

मात्र हे बी आपणहून उगवत नाही. जवळच्या मुळातून विशिष्ट रसायन स्रवल्यावरच ते अंकुरते, आणि यजमान पीक लाभले नाही तर काही दिवसांत मरते. दक्षिण आफ्रिकेतील ए. आर. साँडर्स यांच्या १९३३ मधील प्रबंधाने या परोपजीवीपणाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला आधार दिला. कापूस, चवळी, भुईमूग, सोयाबीन यांसारखी पिके यजमान नसूनही हे बी उगवण्यास प्रवृत्त करतात. ‘सापळा पीक’ ही कल्पना यावरच उभी आहे. १९६६ मध्ये स्ट्रायगॉल हे रसायन प्रथम वेगळे करण्यात आले, तेही कापसाच्या मुळांच्या स्रावातून. वनस्पती असे रसायन का स्रवते, याचा उलगडा होण्यास मात्र २००५ साल उजाडले. या वर्गातील रसायने मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला दिलेली हाक असून जमिनीत स्फुरद कमी असेल तेव्हा ती अधिक स्रवतात. ती हाक स्ट्रायगाही ऐकतो. निकस जमिनीत हे तण अधिक माजते, यामागील हे एक कारण होय.

हे ज्ञान उपलब्ध असूनही सापळा पिके आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांत फारशी रुजली नाहीत. याचे कारण शास्त्रात नव्हे, अर्थव्यवहारात शोधावे लागते. जमिनीतील बियांचा साठा घटवायचा तर अनेक हंगाम धान्याऐवजी सापळा पीक घ्यावे लागते. एक-दोन एकरांवर वर्षाचे अन्न पिकवणाऱ्या कुटुंबास हे कसे परवडावे? अमेरिकेत १९५६ मध्ये कॅरोलायना राज्यांत हे तण आढळले, तेव्हा शासनाने विलगीकरणाचे निर्बंध लादले, तणनाशके वापरली आणि पुढे जमिनीत इथिलीन वायू सोडून बी अवेळी उगवण्यास भाग पाडले. तत्त्व सापळा पिकाचेच, पण खर्च राजकोषाचा.

या कोंडीतून मार्ग निघाला तो काहीसा अनपेक्षितपणे. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता येथे ‘इसिपे’ या कीटकविज्ञान संस्थेचे झेयाउर खान आणि ब्रिटनमधील रॉथमस्टेड संस्थेचे जॉन पिकेट १९९० च्या दशकात मक्यावरील खोडकिड्याचा अभ्यास करीत होते. किडीला दूर सारणारी वनस्पती पिकात आणि तिला आकर्षित करणारे नेपियर गवत शेताभोवती, अशी त्यांची ‘पुश-पुल’ योजना होती. त्यात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक लावले असता स्ट्रायगाही लक्षणीय घटल्याचे आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या मुळांतील एक घटक बी उगवण्यास प्रवृत्त करतो, तर दुसरा अंकुराच्या मुळाची वाढ रोखतो. शिवाय नत्र स्थिर होते, जमीन झाकली जाते आणि बहुवर्षायू असल्याने हे काम मक्याच्या काढणीनंतरही चालू राहते. मका आणि डेस्मोडियम दोन्ही मूळचे अमेरिका खंडातील, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट मात्र निराळी होती. मक्याचा हंगाम न गमावता जनावरांना चारा व घरात दूध मिळू लागले. ज्यांच्याकडे जनावरे नाहीत त्यांच्या बाबतीत हे गणित तितके जुळत नाही. डेस्मोडियमचे बी मिळणे हीदेखील प्रसारातील मोठी अडचण ठरली. दख्खनमध्ये ज्वारीत तूर व चवळी मिसळण्याची रीत जुनी आहे. तिला टारफुल्यावरील जाणता उपाय ठरवणे घाईचे होईल; तेथील शेतकरी डाळीसाठी आणि एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागावे यासाठी ती पाळत आला, हे अधिक संभवनीय वाटते.