'मीटिंग यू'मधलं 'इंग' आलं कुठून?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी क्लायंटला मेल टाकला, 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.' दुसऱ्या दिवशी टीममध्ये हशा. 'टू मीटिंग यू' हवं होतं म्हणे. का, ते कुणीच सांगितलं नाही. मी मराठी मीडियमचा, गप्प बसलो. 'टू'नंतर मूळ क्रियापद, असंच तर शाळेत पाठ केलेलं!

उत्तर सापडलं इतिहासात.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळे प्रत्यय होते. क्रियापदाला 'उंग' किंवा 'इंग' लावलं की नाम व्हायचं: 'लेओर्नुंग' म्हणजे शिकणं. 'शिकत असलेला' म्हणायचं तर 'एंडे' लागायचा. पुढच्या काही शतकांत 'एंडे' मागे पडला आणि दोन्ही कामं एकट्या 'इंग'कडे आली.

मग हे 'इंग'वालं नाम हळूहळू क्रियापदासारखं वागायला लागलं. आधी 'द रीडिंग ऑफ द बुक', म्हणजे पुस्तकाचं वाचन. नंतर लोक थेट 'रीडिंग द बुक' म्हणू लागले, म्हणजे पुस्तक वाचणं. हीच जेरंड फ्रेज. वाक्यात जागा नामाची, पण स्वतःचं कर्म सोबत घेऊन येते. आपल्या व्याकरणात 'वाचणं'ला धातुसाधित नाम म्हणतात.

हा बदल इंग्रजांनाही सहज पचला नाही. १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांनी व्याकरणात बजावलं: 'द' लावलात तर 'ऑफ'ही लावा, नाहीतर दोन्ही काढा. कारण लोक सर्रास 'द सेंडिंग देम' असं अर्धवट लिहायचे. १९०६ मध्ये फाउलर बंधूंनी 'मी गोइंग' चूक, 'माय गोइंग' बरोबर, असा आग्रह धरला. डेन्मार्कचे भाषातज्ज्ञ येस्पर्सन यांनी त्याला जाहीर विरोध केला.

आता माझा मेल. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' आपल्या 'कडे'सारखा आहे, त्याच्यापुढे नामच लागतं. आपण 'तुम्हाला भेटण्याकडे लक्ष लागलंय' म्हणतो. 'भेटतोकडे' कुणी म्हणेल का?

शंका आली तर 'टू'नंतर 'इट' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू इट' बसतं ना? मग क्रियापदाला 'इंग' लावा. 'वाँट टू इट' बसत नाही, म्हणून तिथे 'वाँट टू मीट'.

ज्या भाषेचे पंडित यावर इतकी वर्षं भांडले, तिच्यात आपण एकदा चुकलो तर लाज कसली? पुढच्या वेळी कुणी अडखळलं तर हसू नका, कारण सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!