राउटर: घड्याळाचं माहेर

राउटरवर ‘एनटीपी सर्व्हर’ लिहून पुढे पत्ता टाकला की नेटवर्कवाले मोकळे होतात. वेळ बाहेरची, राउटर नुसता घेणारा. कुळ शोधायला गेलं तर नातं उलटं निघतं.

घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपी प्रोटोकॉलचे जनक डेव्हिड मिल्स. त्यांचे ‘फझबॉल’ हे एलएसआय-११ या छोट्या संगणकांवरचे राउटर. १९८६मध्ये अमेरिकेतल्या एनएसएफनेटची पहिली सहा केंद्रं ५६ किलोबिटच्या लाइनींवर त्यांनीच जोडली. त्यांचा ‘हॅलो’ प्रोटोकॉल (आरएफसी ८९१, १९८३) वाट निवडायचा ती विलंब मोजून. शेजाऱ्याशी निरोपांची देवाणघेवाण करायची, त्यांवरच्या वेळा ताडून पाहायच्या. त्यातून विलंब निघतो आणि दोन घड्याळांतला फरकही. दोन्ही आकडे एकाच निरोपात. एनटीपी हे नाव आलं १९८५मध्ये, आरएफसी ९५८मधून. तोवर राउटर वाट शोधता शोधता घड्याळं जुळवू लागले होते.

यावर टेलिफोनवाले दावा सांगतात: एनटीपीतली ‘स्ट्रॅटम’ची उतरंड आमची. टेलिफोन उद्योगाची रीत घेतल्याचं मिल्स स्वतःच नोंदवतात, तेव्हा नाव त्यांचं, कबूल. पण टेलिफोनचा स्ट्रॅटम घड्याळाची प्रत सांगतो. एनटीपीतला आकडा मूळ घड्याळापासून किती पायऱ्या खाली, एवढंच. पायऱ्या मोजणं हा राउटिंगचा धंदा. ही उतरंड रचायला मिल्स यांनी वापरली तीही बेलमन-फोर्डचीच पद्धत, ‘रिप’ या राउटिंग प्रोटोकॉलमधली. रिपमध्ये १६ म्हणजे ‘पोचता येत नाही’. एनटीपीत १६ म्हणजे ‘वेळ जुळलेली नाही’. गंमत म्हणजे १९८८ साली रिपला आरएफसी १०५८ क्रमांक मिळाला, एनटीपीला १०५९. क्रमांकांचा शेजार योगायोग म्हणून सोडून देतो. सोळाचा आकडा मात्र राउटिंगच्याच घरातून आला, असं मी धरून चालतो.

वेळ जुळवणारा दुसरा प्रोटोकॉल पीटीपी, म्हणजे २००२चं आयईईई १५८८, मात्र वेगळ्या कुळातला: मोजमापाची उपकरणं आणि कारखान्यातलं नियंत्रण. जॉन आयडसन त्याचे प्रमुख शिल्पकार. तिथे वेळेचा शिक्का पोर्टजवळच्या हार्डवेअरमध्ये मारता येतो, म्हणून अचूकता मायक्रोसेकंदाच्या आत जाते. राउटरला ‘बाउंडरी क्लॉक’ केलं की तो एका पोर्टवर वेळ घेतो, बाकीच्यांवर देतो.

तरी एक गृहीतक दोन्ही कुळांत सारखंच: जायला जेवढा वेळ, तेवढाच यायला. फायबरच्या जोडीतली एक तार २० मीटरनं लांब असली तर सुमारे ५० नॅनोसेकंदांची चूक शिरते. निरोप कितीही पाठवा, प्रोटोकॉलला ती दिसत नाही. ती वेगळ्या उपकरणानं मोजून पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये हातानंच भरावी लागते.